एकांताला निघालेल्या इंदूरकरांसाठी

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत सध्या एकच साथ आहे. गोवा सगळ्यांचं झालं, बाली झालं, बँकॉकचे फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकता येत नाहीत. आता माणसांना दूरच्या बेटावर, झावळ्यांच्या झोपडीत, ‘जिथे कुणीच जात नाही’ अशा ठिकाणी आठवडा काढायचा आहे. तुम्हीही त्यातले असाल तर सामान बांधण्याआधी हे वाचून घ्या.

बेट निवडताना समुद्राचा रंग बघू नका. परत आल्यावर सांगायला कसं वाटेल, ते बघा. या कसोटीवर मालदीव बाद होतं. तिथे १९७२ पासून बेटांवर हॉटेलं आहेत आणि तुमच्या साडूंचा मुलगा हनिमूनला जाऊन आलेला आहे. अंदमान बरं. त्यातलं हॅवलॉक घ्या. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण तुम्ही हॅवलॉकच म्हणा. नव्या नावाने लोकांना एलटीसीवर, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रवाससवलतीवर, गेल्यासारखं वाटतं.

जायला त्रास होतो, आणि तो झालाच पाहिजे. इंदूरहून चेन्नई किंवा कोलकाता, तिथून पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम), मग दीड-दोन तास बोट आणि शेवटी रिक्षा. बोटीत उलट्या झाल्या तर होऊ द्यात. सहज पोचता येणाऱ्या एकांताला इंदुरात भाव नाही.

एवढे हाल सोसून उतरल्यावर तुम्हाला पाटी दिसेल: विजयनगर. दचकू नका, विमान फिरून आपल्या विजयनगर चौकात आलेलं नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटावर वसवलं आणि त्यांनी गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर अशी गावं उभी केली. भातशेती आहे, सुपारीच्या बागा आहेत, शाळा आहे, बाजार आहे. तुमच्या निर्जन बेटावर ही एवढी माणसं दोन-तीन पिढ्या राहत आली आहेत, ही मोठीच अडचण. त्यावर उपाय एकच: फोटोच्या चौकटीत त्यांची सायकल येऊ देऊ नका. राधानगरचा किनारा २००४ साली ‘टाइम’ने आशियात उत्तम ठरवला, तेव्हापासून तिथे एकांतासाठी गर्दी असते. संध्याकाळी लवकर जाऊन जागा धरा. वाटेतली मगरीची पाटी वाचायची नाही. निसर्गाच्या कुशीत जायचं ठरवलं तर कुशीत आणखी कोण आहे ते विचारू नये.

लॉज मात्र पूर्वेच्या किनाऱ्यावर मिळेल. माहितीपत्रकात झोपडीच्या पायरीला पाणी लागलेलं असतं. तो फोटो खोटा नाही, भरतीच्या वेळचा आहे. तुम्ही पोचाल तेव्हा ओहोटी असेल आणि समुद्र पार लांब गेलेला असेल. मध्ये खडक, चिखल आणि आडव्या पडलेल्या होड्या. मॅनेजरला विचारू नका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे तो शांतपणे समजावतो, आणि तुमची परतीची बोट तेवढी उशिरा सुटत नाही.

झोपडीत एसी नाही, टीव्ही नाही, वायफाय नाही. त्याचेच तर पैसे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळाशी जवळजवळ २,३०० किलोमीटरची केबल टाकून इंटरनेट थेट हॅवलॉकपर्यंत आणलं. ते तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून लॉजवाल्याला जे कष्ट पडतात, त्यांचा मोबदला नको? पंखा चालतो तो बहुतेक बोटीने आलेल्या डिझेलवर. बिलात मात्र ‘पर्यावरणस्नेही’ असा शब्द असतो. वाळूत डोळ्यांना न दिसणाऱ्या माश्या असतात, त्या आपलं काम विनामूल्य करतात.

खरी परीक्षा संध्याकाळी असते. अंदमान देशाच्या पार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. हिवाळ्यात पाच वाजता सूर्य मावळतो, साडेपाचला काळोख. सातला जेवण. साडेसातला तुम्ही मच्छरदाणीत, आणि त्या वेळी इकडे सराफ्यात, म्हणजे दिवसा सोनारांच्या आणि रात्री खाण्याच्या बाजारात, सोनारांची शटरंसुद्धा खाली आलेली नसतात. गराडू (एक कंद) तळणाऱ्याची कढई यायला अजून अवकाश असतो. इंदूरकराचा दिवस जिथे सुरू होतो तिथे बेटावरचा संपतो. म्हणून सोबत शेव न्या, पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी न्या. जोडीदाराशी बोलायचे विषयही न्या, ते तिथे मिळत नाहीत.

परतताना सेल्युलर जेल चुकवू नका. नाहीतर घरी पाऊल ठेवताच आजी विचारतील, ‘सावरकरांची कोठडी पाहिलीत ना?’ आणि तुमचा सगळा समुद्र मातीमोल होईल. जेल बांधलं १८९६ ते १९०६ या काळात, तेही मुद्दाम एकेकाची कोठडी करून, शेजारच्याचं तोंड दिसू नये म्हणून. सावरकरांना तिथे १९११ मध्ये आणलं. एकांतात माणूस मोडतो, असा इंग्रजांचा हिशेब होता. तिथे उभं असताना आपल्या झोपडीचं रात्रीचं भाडं आठवू नये. मी तरी आठवणार नाही.

शिंपले, प्रवाळ गोळा करू नका. कायद्याने बंदी आहे, विमानतळावर बॅग उघडतात. आणायचा तो चेहरा आणा: थोडा काळवंडलेला, किंचित दुरावलेला. पोहे खाताना मध्येच गप्प व्हा. कुणी ‘काय झालं?’ म्हटलं की ‘काही नाही, तिथली शांतता…’ एवढं बोलून जिलेबी उचला.

पुढच्या वर्षासाठी लक्षद्वीप राखून ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथल्या किनाऱ्यावरचे फोटो आल्यापासून त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण जायला प्रवेश परवाना लागतो हे फार जणांना माहीत नसतं. तेव्हा नाटकाच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत, पुढच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणा, ‘आमचं परमिट अडकलंय.’ वर्षभर पुरतं. तिकीट काढावं लागत नाही.