टाकीचं तोंड: डिचोलीच्या वाचकांच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. गाडीच्या टाकीचं तोंड डावीकडे की उजवीकडे, या माझ्या लेखावर तुम्ही परखड लिहिलंत. बरं वाटलं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. तुमचे आक्षेप चार. रस्त्याच्या कडेची बाजू सुरक्षित म्हणून तोंड तिकडे देतात हे माझं कारण टिकत नाही, नाहीतर भारतात फोक्सवॅगनच्या पोलो गाडीचं तोंड उजवीकडे आलंच नसतं. सायलेन्सर नेहमी तोंडाच्या विरुद्ध बाजूला असतो, हे माझं वाक्य चूक. खरा हेतू पंपावर दोन्हीकडे सारख्या रांगा लागाव्यात हा. आणि पोर्तुगीज काळात गोव्यात गाड्या उजवीकडून चालत, तेव्हा इथे रस्त्याची कड कुठली हेच पक्कं नाही.

सायलेन्सरबद्दल तुमचं बरोबर, चूक माझीच. तापलेला पाइप टाकीपासून आणि तिच्या नळीपासून लांब ठेवायचा असतो, एवढंच खरं. ते अंतर मधल्या पत्र्यानेही साधतं, त्यासाठी पाइप दुसऱ्याच बाजूने बाहेर काढावा लागतो असं नाही. 'नेहमी' हा शब्द मी विचार न करता लिहिला.

पोलोचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे. ती गाडी जर्मन. जर्मनीत वाहतूक उजवीकडून, म्हणजे रस्त्याची कडही उजवीकडे. वाटेत पेट्रोल संपलं आणि कॅन घेऊन उभं राहावं लागलं, तर माणूस धावत्या गाड्यांकडे पाठ करून नव्हे, कडेला उभा असावा. जपानात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, म्हणून सुझुकी, टोयोटा, होंडा यांच्या बहुतेक गाड्यांचं तोंड डावीकडे. असा कुठलाही जागतिक नियम नाही, अपवादही पुष्कळ आहेत, पण कल हा आहे. पोलो भारतात आली तेव्हा स्टिअरिंग आणि पेडल उजवीकडे आले, टाकी होती तिथेच राहिली. तोंडाची बाजू बदलायची तर मागच्या पत्र्याचे साचे, टाकीचा आकार, तोंडापासून टाकीपर्यंत उतार असलेली नळी, सगळं नव्याने करावं लागतं. तेवढा खर्च कोण करणार? उलट दिशेनेही तेच घडतं. स्विफ्ट युरोपात उजवीकडून चालते, तिथेही तिचं तोंड डावीकडेच. म्हणजे गाडी दुसऱ्या देशात गेली तरी तोंड मूळ देशाच्या रस्त्याला धरून राहतं. लेखात हे मी स्पष्ट करायला हवं होतं.

रांगांचं म्हणणं ऐकायला पटतं. पण कुठली कंपनी दुसऱ्या कंपनीच्या गाड्या मोजून आपली बाजू ठरवेल? दोन्ही बाजूंच्या गाड्या असल्या तर रांगा विभागल्या जातात खऱ्या, पण तो परिणाम झाला, कारण नव्हे. शिवाय आपल्याकडे डाव्या तोंडाच्या गाड्याच जास्त दिसतात.

आता पोर्तुगीज काळ. हा समज मी म्हापशात, मडगावातही ऐकलाय. पोर्तुगालने 1928 साली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, हे खरं. पण ज्या वसाहतींच्या शेजारी डावीकडून चालणारे प्रदेश होते, त्यांना वगळलं. मोझांबिक, मकाव आणि गोवा तसेच डावीकडे राहिले. सावंतवाडीहून किंवा कारवारहून येणाऱ्या गाडीला सीमेवर बाजू बदलायला लावणं कोणालाच परवडलं नसतं. 1961 नंतर इथे फक्त झेंडा बदलला, रस्त्याची बाजू तीच राहिली.

तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं: 'एवढ्याशा झाकणावर एवढा लेख कशाला?' गेल्या जुलैत म्हापशाजवळच्या एका पंपावर भर पावसात उभा होतो. काळ्या पाटीची भाड्याची गाडी चुकीच्या बाजूला लागली. चालवणारे पाहुणे, गाडी त्यांना सकाळीच मिळालेली. मागे रांग, हॉर्न सुरू. पंपावरच्या मुलीने पाइप डिकीवरून ताणून पलीकडे नेला आणि टाकी भरेपर्यंत छपराबाहेर भिजत उभी राहिली. त्या गाडीच्या पेट्रोलच्या काट्याशेजारी तोंडाची बाजू दाखवणारा छोटा त्रिकोण होता. तो कशासाठी असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तो त्रिकोणही पावसामुळेच आला. 1986 साली फोर्डमधले जिम मॉयलन कंपनीची गाडी चुकीच्या बाजूला लावून पेट्रोल भरताना भिजले आणि परत जाऊन त्यांनी ही सूचना लिहून दिली. 1989 पासून फोर्डच्या गाड्यांत तो दिसू लागला, पुढे जवळपास सगळ्यांनी घेतला. मात्र पंपाच्या चित्रातली नळी ज्या बाजूला, तिकडे तोंड, हा आडाखा धरू नका. शेजारी तो त्रिकोणी बाण असेल तरच खरं. तुमच्या जुन्या गाडीत तो नाही म्हणता, तर काट्याच्या काचेवर बाहेरून एक रंगीत टिकली चिकटवा. आमच्या घरच्या गाडीला मी तेच केलंय. गाडी भाड्याने देणाऱ्या आपल्या लोकांनी चावी हातात देताना एवढं एक वाक्य सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सायलेन्सरचं वाक्य लेखातून आज काढलं. कडेच्या बाजूचा परिच्छेद ठेवतोय, फक्त 'रस्त्याची कड' च्या जागी 'गाडीच्या मूळ देशातल्या रस्त्याची कड' असं केलंय.