म्हणे, नाक बारीक करा!

आज दादरला एका रिसेप्शनला गेले होते. पाणीपुरी आणि मॉकटेलच्या काउंटरांच्या मध्ये एक टेबल, त्यावर पाटी 'लाइव्ह कॅरिकेचर', आणि टेबलामागे बसलेले आमच्या पेपरचे व्यंगचित्रकार, आमचे काका. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण मुंबईत मराठी पेपर वाचत जे मोठे झाले, त्यांनी ती सही पहिल्या पानावर वर्षानुवर्षं पाहिली आहे. समोर एक बाई नटूनथटून बसल्या होत्या. "काका, नाक जरा बारीक करा ना. आणि डबल चिन नको हं!" काकांनी मान डोलावली आणि नाक बारीक केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्या आल्या, साडीसुद्धा न बदलता लिहायला बसले आहे. ज्या माणसाने मुख्यमंत्र्यांचं नाक कधी मुख्यमंत्र्यांना विचारून काढलं नाही, त्याला आता लग्नाला आलेली वऱ्हाडी मंडळी नाक कसं काढायचं ते सांगणार?

मी पेपरच्या डेस्कवर, बातम्या तपासायच्या कामाला, नवीन होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा एक मंत्री होते, झुपकेदार मिशांचे. सगळ्या पेपरांतले चित्रकार मिशा काढून मोकळे व्हायचे. एक दिवस साहेबांनी मिशाच उतरवल्या. संपादक म्हणाले, आता लोक ओळखणार कसे, कोटावर नाव लिहा. काकांनी ऐकलं नाही. बिनमिशीचं चित्र दिलं, तेही जवळजवळ पाठमोरं. चहा घेऊन आलेल्या पोराने लांबूनच बघून नाव घेतलं! कारण काकांची भिस्त मिशीवर कधी नव्हतीच. विधानसभेच्या प्रेस गॅलरीत बसून त्यांनी हेरलं होतं की अडचणीचा प्रश्न आला की हे गृहस्थ डावा खांदा पुढे काढतात, बाहेरून कुणी ढकलत असलेलं दार दाबून धरावं तसा. चित्रात तो खांदा होता. बास.

लोकांना वाटतं हे दहा मिनिटांचं काम. सकाळी सगळे पेपर वाचायचे, दुपारी बातम्यांची मीटिंग, आणि संध्याकाळी काही सुचलेलं असो वा नसो, पान छपाईला सुटायच्या आधी चित्र हवं म्हणजे हवं. निब, काळी शाई, चुकलंच तर पोस्टर व्हाइट. रात्री नऊ वाजता कुणी राजीनामा दिला की झालेलं चित्र बाजूला सारायचं आणि पुन्हा कोरा कागद ओढायचा. काकांनी हे रोज केलं. ताप असताना केलं, घरात आजारपण असताना केलं.

आणि हे मुंबईला सांगावं लागतंय! आर. के. लक्ष्मणना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला, तरी ते याच शहरात येऊन फ्री प्रेस जर्नलमध्ये बसले. बाळासाहेब ठाकरेही तिथेच चित्रं काढत होते. १९५१ साली टाइम्स ऑफ इंडियात लक्ष्मणांचा कॉमन मॅन आला आणि पुढे कित्येक घरांत बातम्यांआधी ती चौकट वाचली जायची. १९६० साली बाळासाहेबांचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक 'मार्मिक' निघालं आणि सहा वर्षांत त्याच्या वाचकांतून शिवसेना हा एक अख्खा पक्ष उभा राहिला. आज वरळी सी-फेसला कॉमन मॅनचा पुतळा आहे, लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. पुतळा हवा, पण रोज चित्र काढणाऱ्याला पगार द्यायला नको.

काकांना कुणी काढून टाकलं नाही, हे तर आणखी वाईट. नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट झालं, कॉन्ट्रॅक्टचं चित्रामागे इतके पैसे असं झालं, मग फोन यायला लागले, "सर, या आठवड्यात जागा नाही." जागा नाही! पहिलं पान उलटायच्या आधी बिल्डरची पानभर जाहिरात असते, तिला जागा आहे.

कागद महागला, जाहिराती मोबाइलवर गेल्या, कबूल. न्यूयॉर्क टाइम्सनेही एका चित्रावरून वाद झाल्यावर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं बंद केली. म्हणून ते बरोबर ठरत नाही. इन्स्टावर काही पोरं-पोरी फार सुंदर काढतात, तेही कबूल. आणि कुणाच्या रंगावर, जाडीवर हसणारी चित्रं जुन्या पेपरांत पुष्कळ छापून आली, ती वाईटच होती. पण काका तसं काढत नव्हते, म्हणून तर मी त्या खांद्याचं पुन्हा पुन्हा सांगते आहे. शरीर जन्माने मिळतं. खांदा पुढे काढायचा की सरळ उत्तर द्यायचं, हे त्या मंत्र्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. पुढे ते काकांना लॉबीत भेटले. "माझा खांदा खरंच असा होतो का हो?" असं विचारताना तो पुढे आलाच!

ती बाई उठल्यावर मी खुर्चीत बसले. काका म्हणाले, "तुझं काढतो, पण मला दिसतं तसं." चार-पाच रेषा झाल्या आणि मी दिसले, मान वाकडी करून कुणाच्या तरी बातमीच्या कॉपीतल्या चुका शोधणारी. डेस्क सोडून इतकी वर्षं झाली, मान अजून तशीच आहे हे मला माहीतही नव्हतं. "हे कशाला करता?" विचारलं तर म्हणाले, "हात चालू राहतो गं. माणसं समोर येऊन बसतात, पुरे झालं." त्यांना पुरे झालं असेल, मला नाही झालं.

आता कामाचं. पेपरचं ऑफिस हललं तेव्हा त्यांची बरीच मूळ चित्रं रद्दीत गेली. उरलेली डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहेत, कडा पिवळ्या पडल्या आहेत, पोस्टर व्हाइटचे पोपडे निघतायत. कुणाकडे मोठा फ्लॅटबेड स्कॅनर असेल किंवा एखाद्या कॉलेजच्या लायब्ररीत शब्द टाकता येत असेल तर मला इनबॉक्स करा. मोबाइलवर फोटो काढा, असं कृपा करून सांगू नका. आणि चित्रं कुरिअरने पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन आणि स्कॅन होईपर्यंत तिथेच बसेन.