टाकीत बाटली ओतून इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन निघत नाही

नागपुरातल्या गाडीवाल्यांमधे सध्या एक मेसेज फिरतोय, बहुतेकांना आला असेल. त्यात म्हटलंय की टर्बो पेट्रोल गाड्या सगळ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमधे सोडणाऱ्या) असतात, त्यांच्या इंजिनात कार्बन जमतोच, तर दर सर्व्हिसला टाकीत क्लीनरची बाटली ओता, १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरा, अधूनमधून समृद्धीवर नेऊन गाडी ताणा, वर्षातून एकदा हायड्रोजनवालं डीकार्ब (गॅस सोडून कार्बन काढायची सर्व्हिस) करा, नाहीतर इंजिन खोलावं लागेल, आणि ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून तर हे अजूनच वाढलंय म्हणे. कार्बन जमतो हे खरंय. बाकी जवळजवळ सगळं चुकलेलं आहे आणि लोकं त्यापायी पैसे घालवताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या नसतात. नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल पोर्ट इंजेक्शनचं आहे, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत सोडणारं, बिनटर्बोच्या स्विफ्ट, वॅगनआर पण पोर्टच. डायरेक्टवाली म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, ह्युंदाई-कियाची टी-जीडीआय, फ्रॉन्क्समधलं बूस्टरजेट, थार आणि एक्सयूव्ही ७०० मधलं २.० एमस्टॅलियन वगैरे. तुमची ह्यात नसेल तर आधी नीट चौकशी करा, उगाच घाबरू नका.

आता बाटली, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच जातोय. पोर्ट इंजेक्शनमधे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमधे हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) पाठीवर उडतं, आणि पेट्रोलमधे डिटर्जंट असतं त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. डायरेक्टमधे इंजेक्टर थेट सिलिंडरमधे, तिथे दोनशे-साडेतीनशे बारपर्यंतच्या प्रेशरने पेट्रोल सोडतात, व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही, तिथून फक्त हवा जाते. आणि त्या हवेसोबत काय येतं तर क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या भागातून) पीसीव्हीच्या, म्हणजे तिथली वाफ परत इनटेकमधे सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या वाटेने आलेली ऑइलची वाफ, शिवाय एग्झॉस्टचा थोडा गॅस मागे फिरतो तो, व्हॉल्व्हच्या दांडीवरून झिरपलेलं थोडं ऑइल पण. हे गरम व्हॉल्व्हवर बसतं, भाजतं आणि कढईला जळून चिकटलेल्या तेलासारखं थरावर थर चढत जातं. म्हणजे घाण येते ऑइलच्या बाजूने आणि आपण औषध ओततोय पेट्रोलच्या टाकीत, ते औषध त्या जागेला पोचणारच नाही, कितीही महागाचं आणा. टोयोटाच्या डी-४एस मधे पोर्टात आणि सिलिंडरमधे असे दोन्हीकडे इंजेक्टर दिलेत, त्याचा एक मोठा फायदा हाच की व्हॉल्व्ह धुतला जातो. बाटलीने काम भागलं असतं तर एवढा जास्तीचा खर्च कोणी केला असता? चांगल्या क्लीनरचा उपयोग इंजेक्टरच्या तोंडावरची घाण काढायला होऊ शकतो, तेवढ्यासाठी ओतायचं तर ओता, पण व्हॉल्व्ह साफ झाला असं समजू नका.

१०० ऑक्टेनचं पण तेच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंग (सिलिंडरमधे भलत्या वेळी आपोआप पेटणं) किती सहन करतं त्याचा आकडा, साफसफाईशी त्याचा संबंध नाही. कंपनीने सांगितलेलं नसेल तर पैसे वाचवा.

ई२० चा मुद्दा तर इथे लागूच होत नाही, जे पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही त्यात इथेनॉल २० टक्के असो की १०, त्या थराला काय फरक पडणार. मायलेज कमी होणं, जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट, ह्या तक्रारी वेगळ्या आहेत, त्या जरूर करा.

समृद्धीवर ताणायचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. इनटेक व्हॉल्व्ह येणाऱ्या हवेने थंड होत राहतो, एग्झॉस्ट व्हॉल्व्हइतका तो तापतच नाही, त्यामुळे पक्का बसलेला थर जास्त आरपीएमने जळून जाईल ह्या भरवशावर राहू नका. हा सल्ला बहुतेक बीएस ६ डिझेलवरून उचललाय, तिथे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायला गाडी हायवेवर एकसारखी चालवावी लागते आणि ते बरोबर आहे. पण पेट्रोल गाडीचा व्हॉल्व्ह साफ करायला म्हणून मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात काँक्रीटवर १२० च्या पुढे जायचं, आणि टायर फुटून तिकडे काय काय झालंय ते आपण पेपरात वाचतोच. नका करू भाऊ.

हायड्रोजनवालं डीकार्ब. तो गॅस इनटेकमधून आत जातो पण जळतो कुठे, तर सिलिंडरमधे, इनटेक व्हॉल्व्ह बंद असताना. व्हॉल्व्हची पाठ त्या वेळी बंद दरवाजाच्या पलीकडे असते, तिला ज्वाळा लागत नाही.

मग करायचं काय? ऑइल मॅन्युअलमधे लिहिलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदला, धरमपेठहून सीताबर्डीला जाऊन परत एवढीच रोजची फेरी असेल तर थोडं आधीच, कारण इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं आणि पाणी-पेट्रोलची वाफ ऑइलमधे राहते. उन्हाळ्यात आपल्याकडे हे कमी, पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी नक्की होतं. थंड इंजिन सुरू करताना गाडी थरथरत असेल, ओढत नसेल, मिसफायरचा (सिलिंडरमधे पेट्रोल नीट न पेटल्याचा) कोड पी०३०० वगैरे येत असेल तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल तपासा, पुष्कळदा दोष तिथेच निघतो आणि स्वस्तात सुटतो. ते ठीक असेल तर बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून व्हॉल्व्हचा फोटो दाखवायला सांगा. फोटो न दाखवता कोणी डीकार्ब बिलात टाकत असेल तर सरळ नाही म्हणा.

फोटोत खरंच जाड थर दिसला तर खात्रीचा उपाय म्हणजे अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या प्रेशरने मारणं. कार्बन निघेल एवढा तो कडक असतो पण व्हॉल्व्हच्या धातूपेक्षा मऊ असल्याने धातूला ओरखडे पडत नाहीत. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) काढावा लागतो, आणि ज्या सिलिंडरवर काम चाललंय त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंदच असायला हवेत, नाहीतर भुगा आत जातो. मेकॅनिकला काम द्यायच्या आधी हे कसं करणार ते विचारा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय मॅनिफोल्डला हात लावू देऊ नका.