खुलासा : १५ नॉट ही सेस्ना १७२ची ‘मर्यादा’ नाही

‘आडवा वारा १५ नॉटच्या वर गेला की सेस्ना १७२ उलटतेच,’ असा या छोट्या प्रशिक्षण विमानाबद्दलचा संदेश इंदूरच्या मराठी मंडळींत फिरतोय. चूक आहे. १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) हा चाचणीत विमान उतरवून दाखवलेला आकडा. विमानाच्या पुस्तिकेत तो मर्यादा म्हणून दिलेला नाही. शिकाऊंसाठी प्रशिक्षकाने मर्यादा कमीच ठेवावी, हे मात्र खरे.

शिवाय मोजायचा तो आडवा घटक, म्हणजे वाऱ्याचा धावपट्टीला काटकोनात येणारा भाग. धावपट्टी २५वर (दिशा २५० अंश) २८० अंशांवरून येणारा २० नॉट वारा आडवा फक्त १० भरतो. ३१० अंशांवरून आला तर १७.

घात बहुधा चाके टेकल्यावर होतो. शिकाऊ सुटकेचा श्वास टाकून एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) सरळ करतो, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो, नाक वाऱ्याकडे वळते. वेग घटेल तसा एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला वाढवतच न्यायचा.