दाबोळीवर पडलेले बॉम्ब, आणि न पडलेले

सकाळी एक रील बघितलं, तेव्हापासून डोकं तापलंय. गोवा मुक्तीवर होतं, बरं होतं तसं. पण खाली एकानं कमेंट टाकलीय की पोर्तुगीजांकडे एकही लढाऊ विमान नव्हतं, आपल्या एअरफोर्सनं मोकळ्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि परत आले, यात कसला पराक्रम. आणि त्याला लाइक तर बघा! आपल्यातल्याही एकदोघांचे आहेत, नावं घेत नाही.

माझे आजोबा, आम्ही नाना म्हणायचो, तेव्हा पुण्याच्या लोहगाव हवाई तळावर होते. एअरफोर्समध्ये, आर्मामेंटला. म्हणजे विमानाला बॉम्ब लावणारी माणसं असतात ना, त्यातले. पायलट वगैरे नाही, त्यामुळे कुठल्या पुस्तकात नाव येणार नाही त्यांचं. १७ डिसेंबरच्या रात्री थंडीत ही पोरं कॅनबेरा बॉम्बर विमानांच्या पोटाखाली वाकून काम करत होती आणि सकाळी, १८ डिसेंबर १९६१ला, १२ कॅनबेरा विमानं विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्याकडे गेली. काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग ८ विमानं घेऊन गेले, पुन्हा तीच धावपट्टी. तिकडे हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं ते वेगळंच.

आता ऐका. हुकूम असा होता की धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनल आणि कंट्रोल टॉवरला हात लावायचा नाही. दोन्ही वेळेस तो पाळला गेला. १९६१ सालातला बॉम्बर, आजच्यासारखं उपग्रहावरून नेम धरायची सोय नाही, उंचावरून हजार हजार पौंडांचे बॉम्ब टाकायचे आणि बाजूच्या इमारती उभ्या ठेवायच्या. करून दाखवा म्हणावं त्या कमेंटवाल्याला.

हो, पोर्तुगीजांची लढाऊ विमानं गोव्यात नव्हती, मान्य. पुढे?

नाना लढाईच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यातले अजिबात नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "अगं, बॉम्ब भरणाऱ्याला कळत असतं की हा कुठंतरी पडणार आहे." एवढंच. मग उठून बागेत जायचे. त्या दिवशी विमानं परत यायला लागली तशी हे सगळे बाहेर उभे राहून मोजत होते. सगळी आली. मग नानांनी पहिलं काय विचारलं असेल, तर टॉवर राहिला का.

आणि त्याच रात्रीची गोष्ट. दाबोळीला दोन प्रवासी विमानं उभी होती. पोर्तुगीजांनी घाईघाईनं धावपट्टीचा तुकडा कसाबसा दुरुस्त केला आणि अंधारात अधिकाऱ्यांची बायकापोरं त्यात बसवून दोन्ही विमानं कराचीला काढली. म्हणजे धावपट्टी शंभर टक्के बंद पडली नव्हती, हेही खरं, ज्यांना चुका काढायच्यात त्यांनी काढाव्यात. नाना सांगायचे, बातमी कळल्यावर तळावर काहीजण जाम चिडले, एवढी मेहनत घेतली आणि विमानं निसटली. हे मात्र म्हणाले, बरं झालं, लहान पोरं होती त्यात.

हे लिहितानाही भरून येतंय मला. ज्या माणसानं ते बॉम्ब स्वतःच्या हातानं लावले त्याला समोरच्याची पोरं सुखरूप गेल्याचं समाधान वाटतं, आणि आपण मोबाईलवर बसून ठरवतोय की किती माणसं मेली म्हणजे ते खरं युद्ध.

माणसं गेलीच आहेत. गोव्याजवळच्या अंजदीव बेटावर आपले नौसैनिक गेले. त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर गोळ्या खाऊन पडले, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. साडेचारशे वर्षांचं राज्य असं हवेत विरघळून गेलं नाही कुणाचं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं लिस्बनमध्ये बसून शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून सांगितलं होतं, गोव्याचे गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी ते ऐकलं नाही आणि १९ तारखेला शरण आले. त्यांचीही कदर करते मी, शत्रू असले तरी. गोवा राखरांगोळी न होता आपल्याला मिळाला याला त्यांचाही हातभार आहे.

पण आपल्याला आपल्याच माणसांची नावं ठाऊक नाहीत त्याचं काय? मेनन, सुरिंदर सिंग, कुणी ऐकलीत? ही सगळी हवाई मोहीम ज्यांच्या हाताखाली झाली ते एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो, १९६३ला पूंछला हेलिकॉप्टर अपघातात गेले. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात शोधलं मी. नाही सापडलं.

नानांना एकदा आम्ही गोव्याला घेऊन गेलो होतो. बीच वगैरे नको म्हणाले, दाबोळीला न्या म्हणाले. विमान पकडायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. कुंपणाबाहेर खूप वेळ उभे होते, आजी वैतागली ऊन लागतंय म्हणून.

लोहगावला त्या काळात ज्यांच्या घरचं कोणी होतं, मेकॅनिक, आर्मरर, ड्रायव्हर, स्वयंपाकी, कोणीही, त्यांनी खाली नाव लिहा. गाव पण लिहा. आणि त्या कमेंटला लाइक केलेल्या दोघांनी आपापला लाइक काढा, मी बघणार आहे.