चंद्र कुठून आणला, भाऊ?

परवाच्या रविवारी आमच्या फोटोवाल्या मंडळींची बैठक झाली. नागपुरात, धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमतो, लॅपटॉप टीव्हीला जोडतो आणि एकमेकांचे फोटो बघतो. सगळे हौशी. बँकेतून रिटायर झालेले एक काका, शाळेत शिकवणाऱ्या एक ताई, एक इंजिनीअरिंगचा पोरगा, असे. या वेळी ठरलं होतं की मनसोक्त एडिट केलेला फोटो आणायचा आणि सोबत त्याचा मूळ फोटोही आणायचा.

पोरानं फुटाळा तलावाचा फोटो लावला. संध्याकाळचं केशरी आकाश, पलीकडच्या काठावर झाडांची काळी रेघ आणि तिच्यावर परातीएवढा पूर्ण चंद्र. "कडक!" "एक नंबर, राजा!" मीही कडक म्हणालो आणि चहाचा कप उचलला. पोरगा मात्र टीव्हीजवळून हलला नाही. म्हणाला, "दादा, कडक म्हणजे नेमकं काय आवडलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो फोटो दोन सेकंदही पाहिला नव्हता आणि त्यानं त्यावर तीन रात्री घालवल्या होत्या.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय. "मस्त", "झकास", "कडक" आपण प्रेमानंच म्हणतो. पण जो माणूस एडिटिंग शिकतोय त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. पुढचा फोटो करताना काय ठेवायचं, काय बदलायचं, हे त्याला कळत नाही.

मग मी फोटो नीट बघितला आणि थेट दुसऱ्या टोकाला गेलो. "चंद्र कुठून आणला, भाऊ? हे होऊच शकत नाही," असं म्हणालो. फुटाळ्याच्या चौपाटीवरून आपण बघतो पश्चिमेकडे, म्हणून तर सगळं नागपूर तिथं सूर्यास्ताला जातं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. सूर्य मावळतो तेव्हा तो पूर्वेला उगवत असतो, म्हणजे आपल्या पाठीमागे. आकारही चुकलेला. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. हात लांब करून करंगळीचं नख धरलं तर तो त्यामागे सहज लपतो. माझा शब्द न् शब्द बरोबर होता. पोराचा चेहरा पडला.

तेव्हा ताईंनी त्याला एवढंच विचारलं, "तुला यात काय दाखवायचं होतं रे?"

तो सांगू लागला. लहानपणी आजोबा त्याला सायकलवर पुढे बसवून फुटाळ्यावर न्यायचे. सांगायचे, चांदोबा रात्री इथं आंघोळीला उतरतो. त्याला तो चांदोबा दाखवायचा होता. म्हणजे परातीएवढा चंद्र चूक नव्हताच, तोच तर फोटो होता! लहान पोराला आजोबांच्या गोष्टीतला चंद्र तेवढाच मोठा दिसणार. मी बरोबर असूनही त्याच्या काहीच कामाचं बोललो नव्हतो.

मग सगळे उठून टीव्हीजवळ गेलो आणि फोटो खऱ्या अर्थानं बघायला लागलो. काकांनी बोट ठेवलं, "अरे, आंघोळीला उतरतो म्हणतोस, मग पाण्यात चंद्र कुठे आहे?" खरंच, पाण्यात चंद्राचं प्रतिबिंबच नव्हतं. वर एवढा मोठा चंद्र आणि खाली नुसतं केशरी पाणी. त्यामुळे चंद्र चिकटवल्यासारखा वाटत होता, आकारामुळे नाही. दुसरं असं की पलीकडची झाडं थोडी धूसर होती आणि त्यांच्याही मागचा चंद्र सुरीनं कापल्यासारखा धारदार. दूरची वस्तू जवळच्या वस्तूपेक्षा स्पष्ट दिसली की डोळा अडखळतो, भले माणसाला कारण सांगता येवो न येवो.

आणि मग ताईंना सुचलं ते मला आयुष्यभर सुचलं नसतं. पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला मावळतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या सुमारास. म्हणजे आकाशातलं केशरी काढून पहाटेचं निळं आणलं की फुटाळ्यावरचा तोच चंद्र जागेवर बरोबर बसतो. पोरानं तिथंच टेम्परेचरचा स्लायडर डावीकडे ओढला, केशरी उतरलं, चंद्राचा लेअर, म्हणजे त्याचा वेगळा थर, उलटा करून पाण्यात ठेवला, थोडा ब्लर दिला, लाटांवर तुटल्यासारखा केला. वीस मिनिटं लागली असतील. खोलीत कोणी कडक म्हणालं नाही. सगळे गप्प बघत होते.

एडिट केलेल्या फोटोवर बोलायचं तर माझ्या मते सुरुवात याच प्रश्नानं व्हायला हवी: तुला काय दाखवायचं होतं? साध्या फोटोत हा प्रश्न टाळला तरी चालून जातं. इथं नाही, कारण इथं माणसानं प्रत्येक गोष्ट ठरवून केलेली असते.

"पण हे खरं कुठंय?" असं म्हणणारे भेटतातच. पण फोटोत फेरफार करणं काही नवं नाही. ऑस्कर रेलँडर नावाच्या फोटोग्राफरनं 1857 साली तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच चित्र केलं होतं. फोटोशॉप आलं 1990 साली. आपल्याकडचंच बघा ना. माझ्या आजीचा एक स्टुडिओतला फोटो आहे, मुळात कृष्णधवल, पण गालांवर गुलाबी रंग आणि लुगड्याच्या काठाला हिरवा रंग ब्रशनं भरलेला. काठाचा रंग एका जागी थोडा बोटावर उतरलाय. घरात कोणी कधी त्याला खोटा म्हटलं नाही. हां, बातमीचा फोटो असेल किंवा जंगलातला, तर माझं मत एकदम वेगळं. पेंचच्या वाघामागे दुसरीकडचं धुकं चिकटवून "आज सकाळचा" म्हणून दाखवलं तर तो खोटेपणाच, आणि तिथं मैत्री बाजूला ठेवून बोललं पाहिजे.

या विषयावर मी इतका पोटतिडकीनं बोलतोय त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी मी मारबतीचा, म्हणजे नागपुरात मिरवणुकीनं नेतात त्या मोठ्या पुतळ्याचा, फोटो केला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, पिवळी मारबत, इतवारीतली ती गर्दी, "घेऊन जा गे मारबत"चा गजर. मी बाकी सगळं कृष्णधवल केलं आणि फक्त मारबतीचा पिवळा रंग ठेवला. 1885 पासून निघणारी ही मारबत गर्दीतून एकटी उजळून दिसावी, एवढंच मनात होतं. एका ठिकाणी तो दाखवला, तर एक अनुभवी गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "याला फोटो म्हणत नाहीत," आणि पुढच्या चित्राकडे गेले. मी दोन वर्षं एडिटिंगला हात लावला नाही.

आज तो फोटो उघडतो तेव्हा त्यातली चूक मला स्वच्छ दिसते. पिवळा रंग मारबतीच्या कडेवरून मागच्या माणसाच्या दुपट्ट्यावर सांडलाय, मास्क, म्हणजे रंग कुठपर्यंत ठेवायचा ती आखणी, घाईत केलाय. "कडेपाशी झूम करून बघ, रंग बाहेर गेलाय," एवढं त्यांनी म्हटलं असतं तर मी त्याच रात्री बसून ते शिकलो असतो.

म्हणून मी आता शेरा मारत नाही, माझ्या नजरेनं काय केलं ते सांगतो. "माझी नजर आधी डाव्या कोपऱ्यातल्या लाल बादलीवर गेली, बाईंच्या चेहऱ्यावर नंतर." यावर कोणी भांडत नाही, कारण नजर माझी आहे. बादली ठेवायची की काढायची, हे ज्याचा फोटो त्यानं ठरवावं.

काकांचा दीक्षाभूमीचा फोटो होता, फोनवर एडिट केलेला. क्लॅरिटी, म्हणजे फोटो उठावदार करणारा स्लायडर, इतकी वाढलेली की पांढऱ्या घुमटाभोवती उजेडाची जाड कड आली होती, आणि सगळ्या फोटोवर निळी झाक. काकांना फोटो फार आवडला होता आणि वयाचा मान होताच. आम्ही फक्त मूळ फोटो शेजारी लावला. "काका, घुमटाच्या कडेला ही रेघ मुळात आहे का हो?" काकांनी चष्मा वर केला, फोन हातात घेतला आणि स्लायडर स्वतःच 80 वरून 30 वर आणला. निळ्या रंगाचं काही केल्या कळेना. मग पोरानं विचारलं, "काका, एडिट कधी करता?" रात्री, झोपताना. फोनमध्ये डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळसर करणारा मोड चालू! पिवळ्या स्क्रीनवर बघून काका रोज फोटोत निळा घालत होते. रंगाबद्दल बोलायच्या आधी स्क्रीन विचारायची, हे मी त्या दिवशी शिकलो. तसंच आकाशात पट्टे दिसले तर आधी फाइल विचारावी. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, 16,384. जेपीईजी फार ताणलं की त्या पायऱ्या डोळ्याला दिसू लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तर मी आता तपासायलाही घेत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणतो.

पोरानं काल रात्री फोन केला. येत्या पौर्णिमेला पहाटे पाचला तो फुटाळ्यावर जाणार आहे, चंद्र मावळताना पाण्यात कसा दिसतो ते बघायला. आजोबांनाही नेणार म्हणाला, आता सायकलच्या जागी स्कूटीवर मागे बसवून. मी थर्मास भरून चहा नेणार आहे. कोणाला यायचं असेल तर चौपाटीवर भेटा.