वोलोग्दाचा ‘ओ’ अशुद्ध नाही

पुण्यात रशियन शिकणाऱ्या माझ्या भाचीने तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात फिरणारा मजकूर मला पाठवला नसता, तर मी या वादात पडलो नसतो. त्या मजकुराचे म्हणणे असे की, उत्तर रशियातील वोलोग्दा शहराने तिथल्याच क्रेमलिनजवळ, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आवाराजवळ, ‘ओ’ या अक्षराचे शिल्प उभारून स्वतःच्या अशुद्ध बोलण्याचा गौरव केला आहे. तिथले सगळेच लोक ‘आ’चा ‘ओ’ करतात. अक्षराचे असे स्मारक जगात दुसरे नाही. आणि हा सारा खटाटोप पर्यटकांसाठी आहे.

‘आ’चा ‘ओ’ करतात हे विधान धादांत खोटे आहे. आघात, म्हणजे उच्चारताना दिलेला जोर, नसतानाही त्या बोलीत ‘ओ’ हा ‘ओ’च राहतो आणि ‘आ’ हा ‘आ’च. दूध म्हणजे ‘मोलोको’, पण गवत मात्र ‘त्रावा’च, ‘त्रोवा’ कोणी म्हणत नाही. सरमिसळ झाली आहे ती मॉस्कोच्या उच्चारात, जिथे दूध ‘मलाको’ होते आणि सोम नावाच्या माशाचे ‘सोमा’ हे षष्ठीचे रूप व ‘ती स्वतः’ या अर्थाचे ‘सामा’ ही दोन्ही कानाला एकच लागतात. ही सरमिसळ नंतरची, वोलोग्दाकडचा भेद जुना, आणि रशियन लेखनात आजही ‘मोलोको’च लिहितात. लेखनाशी जुळणाऱ्या उच्चाराला अशुद्ध ठरवणारे हे पंडित कोण, हे मजकुरात अर्थातच नाही.

मॉस्कोचा उच्चार प्रमाण मानला जातो आणि विद्यार्थ्यांनी तोच शिकावा, याबद्दल वाद नाही. पण तो प्रमाण का ठरला? अठराव्या शतकातला रशियन विद्वान लोमोनोसोव स्वतः उत्तरेकडचा, अर्खांगेल्स्क भागातल्या खोल्मोगोरीजवळचा. त्याने 1755च्या आपल्या व्याकरणात मॉस्कोच्या बोलीला पसंती देताना राजधानीचे महत्त्व आणि त्या बोलीचे सौंदर्य ही कारणे दिली, आणि आघाताविना येणाऱ्या ‘ओ’चा ‘अ’सारखा उच्चार कानाला अधिक गोड लागतो, असे म्हटले. ही आवड झाली. उत्तरेकडचा उच्चार चुकीचा असल्याचा निवाडा त्यात नाही.

जगातील एकमेव स्मारक म्हणाल, तर उल्यानोव्स्कमध्ये ‘यो’ या अक्षराचे स्मारक 2005 सालीच उभे राहिले आहे.

पर्यटकांचा मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. लोक तिथे प्रामुख्याने फोटोच काढतात, आणि शहरातील तरुण पिढीचे बोलणे बहुतांशी प्रमाण रशियनच्या जवळ गेले असून ठसठशीत ‘ओ’ खेड्यांत, वयस्कर माणसांच्या तोंडीच अधिक ऐकू येतो. म्हणजे ‘तिथले सगळेच’ हेही खोटेच.